चीनमध्ये संसार: पगार किती मागायचा, खर्च किती धरायचा?

हिशेबी_कारकून

शांघाय, सूचौ, शेन्झेनच्या नोकरीचं पत्र हातात आलं की आकडा आधी बारा महिन्यांनी गुणला जातो आणि मग बारा रुपयांनी. (एक युआन साधारण १२ रुपये धरतोय, त्या दिवसाचा दर बघून घ्या.) गुणाकार बरोबर असतो, वजाबाकी राहून जाते. या धाग्यात वजाबाकीच करू या. गृहीत धरलंय शांघाय, नवरा-बायको, दोन शाळकरी मुलं आणि एकच पगार. एकच, कारण जोडीदाराला कुटुंब म्हणून मिळालेल्या निवास परवान्यावर नोकरी करता येत नाही. त्यासाठी स्वतंत्र वर्क परमिट लागतं.

आधी कर. कॅलेंडर वर्षात १८३ दिवस चीनमध्ये राहिलात की तुम्ही तिथले करनिवासी. वर्षाला ६०,००० युआनची सरसकट वजावट, त्यानंतर असे टप्पे:

३६,००० पर्यंत ३ टक्के
३६,००० ते १,४४,००० : १० टक्के
१,४४,००० ते ३,००,००० : २० टक्के
३,००,००० ते ४,२०,००० : २५ टक्के
४,२०,००० ते ६,६०,००० : ३० टक्के
६,६०,००० ते ९,६०,००० : ३५ टक्के
त्यावर ४५ टक्के

महिना ५०,००० युआन, म्हणजे वर्षाला ६ लाख, असा पगार घेऊ. सामाजिक विम्यात कर्मचाऱ्याचा वाटा पेन्शन ८, वैद्यकीय २, बेरोजगारी ०.५ असा मिळून १०.५ टक्के. तो सगळ्या पगारावर कापत नाहीत, शहराच्या सरासरी वेतनाच्या तिपटीपर्यंतच कापतात. शांघायला २०२४-२५ मध्ये ही मर्यादा ३६,९२१ होती, म्हणजे महिना जास्तीत जास्त ३,८७७.

६,००,००० वजा ६०,००० वजा ४६,५२४ = करपात्र ४,९३,४७६. कर ९५,१२३. हातात वर्षाला ४,५८,३५३, महिना सरासरी ३८,१९६.

'सरासरी' हा शब्द लक्षात ठेवा. तिथे कर वर्षभराच्या साठत जाणाऱ्या उत्पन्नावर कापतात. जानेवारीत तुम्ही खालच्या टप्प्यात असता, डिसेंबरात वरच्या. याच पगारावर जानेवारीचा कर १,५९२ आणि डिसेंबरचा १२,३३७. म्हणजे जानेवारीत हातात ४४,५३१, डिसेंबरात ३३,७८६. जानेवारीची स्लिप बघून घर ठरवणाऱ्यांची तारांबळ नोव्हेंबरात उडते.

रानजाई

पत्रात 'नेट' (कापाकापी होऊन हातात येणारा पगार) लिहिलं असेल तर हे सगळं कंपनीच्या डोक्यावर ना? मग काळजी कशाला?

हिशेबी_कारकून

@रानजाई, नेट असेल तर कर कंपनी भरते, खरं आहे. तरी तीन गोष्टी लेखी घ्या. सामाजिक विम्याचा तुमचा वाटाही नेटमध्ये धरलाय का? बोनस नेट आहे की ग्रॉस? आणि १ मार्च ते ३० जूनच्या वार्षिक हिशेबात परतावा निघाला तर तो कोणाचा? नेट करारात कंपनी बहुधा त्यावर हक्क सांगते, आणि तो जमा मात्र कर्मचाऱ्याच्या खात्यात होतो. तिथून वाद सुरू होतात.

जुलैनंतर रुजू होणाऱ्यांसाठी आणखी एक मुद्दा. त्या वर्षी १८३ दिवस भरत नाहीत, म्हणजे तुम्ही अनिवासी. अनिवासींना साठत जाणारी पद्धत नाही, दर महिन्याचा स्वतंत्र तक्ता. विमा बाजूला ठेवला तर ५०,००० वर दर महिना सपाट ९,०९० कर. सप्टेंबरात पोचलेल्याची पहिली स्लिप जानेवारीपेक्षा बारीक दिसते ती यामुळे, कंपनीने गंडवलं म्हणून नव्हे.

चौथा_मजला

कर वाचवायची खरी जागा भाडं आणि शाळा. परदेशी कर्मचाऱ्यांना घरभाडं, मुलांचं शिक्षण, भाषा प्रशिक्षण, जेवण, कपडे धुलाई, स्थलांतर आणि घरी जाण्याचा प्रवास यांचे भत्ते करमुक्त आहेत. ही सवलत बंद होणार होती, तिला मुदतवाढ मिळून ती ३१ डिसेंबर २०२७ पर्यंत चालू आहे. त्यापुढे जाणारा करार असेल तर 'सवलत गेल्यास कंपनी फरक भरून देईल' हे वाक्य आत्ताच घालून घ्या.

पण नुसतं 'हाउसिंग अलाउन्स' असं लिहून पगारात रोख आलं तर ते करपात्रच. भाड्याची रक्कम कंपनीने परस्पर मालकाला दिली पाहिजे, किंवा तुम्ही दिलेल्याची पावती बघून परत केली पाहिजे. पावती म्हणजे फापियाओ. करखात्याच्या यंत्रणेतून निघालेलं अधिकृत बिल. घरमालकाने हाताने लिहून दिलेला कागद किंवा वीचॅटवरचा (तिथलं व्हॉट्सॲपसारखं ॲप) स्क्रीनशॉट म्हणजे फापियाओ नाही.

मालक फापियाओ द्यायला कां कू करतात, कारण ते काढलं की त्यांना भाड्यावर कर भरावा लागतो. काही सरळ नाही म्हणतात, काही तेवढा कर भाड्यावर चढवतात. म्हणून घर बघतानाच दलालाला पहिला प्रश्न 'फापियाओसह भाडं किती?' करार झाल्यावर विचारलंत तर तुमच्या हातात काही उरत नाही.

वरच्याच उदाहरणात ५०,००० पैकी १८,००० भाडं फापियाओवर दाखवलं तर करपात्र रक्कम २,७७,४७६ होते आणि कर ३८,५७५. वर्षाला ५६,५४८ युआन वाचले. पगार तोच, नुसती लिहायची पद्धत बदलली.

पाटी_पेन्सिल

शाळेचं लिहिते, कारण गाडं तिथेच अडतं.

शांघायमधल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय शाळांची फी मुलामागे वर्षाला साधारण २ ते ३.५ लाख युआन. वरच्या इयत्तांना जास्त. अर्जाची फी, जागा राखण्याची रक्कम, बस, जेवण, गणवेश वेगळं. दोन मुलांचे अडीच-अडीच लाख धरले तर ५ लाख, म्हणजे वरच्या सबंध निव्वळ पगारापेक्षाही जास्त. म्हणून शाळकरी मुलं असतील तर 'पगार किती' याआधी 'शाळा कोण भरणार' हे विचारा.

कंपनी म्हणाली, 'फी वेगळी देत नाही, तेवढा पगार वाढवून देतो,' तर गणित बघा. ६ लाखांवर ५ लाख रोख वाढले की करपात्र रक्कम ९,९३,४७६. कर ९५,१२३ वरून २,६५,१४४ वर जातो. त्या पाच लाखांतले १,७०,०२१ करातच गेले, फीला राहिले ३,२९,९७९. तीच फी कंपनीने शाळेला थेट भरली तर कर शून्य. कंपनीला खर्च तोच.

अटी: शिक्षण चीनमध्येच चालू असलं पाहिजे. मूल पुण्यात आजीकडे राहून शिकत असेल तर तिथली फी या सवलतीत बसत नाही. घरी जाण्याच्या तिकिटाचंही तसंच. करमुक्त ते फक्त कर्मचाऱ्याचं स्वतःचं, वर्षातून दोन वेळा. बायको-मुलांची तिकिटं कंपनीने दिली तर ती तुमच्या उत्पन्नात धरली जातात.

चौकस_मी

एवढी फी परवडत नसेल तर पर्याय काय? स्थानिक शाळा चालतात का?

पाटी_पेन्सिल

@चौकस_मी, तीन पर्याय आहेत.

पहिला, सरकारी शाळांचे आंतरराष्ट्रीय विभाग. फी खासगी आंतरराष्ट्रीय शाळांपेक्षा बरीच कमी, पण प्रवेशपरीक्षा असते आणि जागा मोजक्या.

दुसरा, खासगी द्विभाषिक शाळा. अर्धं शिक्षण चिनी भाषेत. मूल पहिली-दुसरीत असेल तर रुळतं. सहावी-सातवीत एकदम टाकलं तर गणितापासून इतिहासापर्यंत सगळं लिपीमुळे अडतं.

तिसरा, साधी स्थानिक सरकारी शाळा. फी नाममात्र, शिक्षण पूर्ण चिनीत. प्रवेश राहत्या पत्त्यावर आणि जिल्ह्याच्या शिक्षण विभागाच्या नियमांवर ठरतो. दोन-तीन वर्षांत परतायचं असेल तर उपयोग कमी.

परतीचा विचार जातानाच करा. आयजीसीएसई किंवा आयबी (आंतरराष्ट्रीय शाळांचे अभ्यासक्रम) करून परतलं तर इथे पुढच्या प्रवेशाला एआययूची (भारतीय विद्यापीठ संघाची) समकक्षता लागते, आणि तिची विषयसंख्या व श्रेणींची अट आहे. नववीत विषय निवडतानाच ती बघा. वैद्यकीयचा विचार असेल तर महाराष्ट्राच्या राज्य कोट्याला दहावी आणि बारावी दोन्ही राज्यातून झालेली लागते. आठवी-नववीतल्या मुलाला घेऊन निघणाऱ्यांनी हे कळूनसवरून ठरवावं. पाचवीच्या आतल्या मुलांना यातलं काहीच आड येत नाही.

हिशेबी_कारकून

पाटी_पेन्सिल यांनी मुद्द्यालाच हात घातला. शाळा सोडून बाकीचा महिना असा (शांघाय, चौघं, युआनमध्ये):

भाडं १८,०००. वीज-गॅस-पाणी वर्षाच्या सरासरीने १,३००. फोन आणि इंटरनेट ३००. किराणा-भाजी-दूध ५,५००. बाहेर खाणं २,०००. मेट्रो-टॅक्सी १,०००. घरकामाची बाई ३,०००. कपडे, मुलांचे क्लास २,५००. औषधपाणी ४००. बेरीज ३४,०००.

हातात ३८,१९६. भाडं फापियाओवर बसवलं तर महिना ४,७१२ आणखी. म्हणजे ६ लाख रुपये महिना वाटणाऱ्या पगारातून आठ-नऊ हजार युआन मागे पडतात, आणि शाळा अजून भरलेलीच नाही. एकटा माणूस याच पगारावर निम्मी रक्कम सहज बाजूला टाकतो. त्यामुळे 'अमक्याला चाळीस हजारच आहेत, मस्त चाललंय' असं ऐकलंत तर अमक्याचं लग्न झालंय का ते आधी विचारा.

चौथा_मजला

भाड्याचे तपशील.

शांघायमध्ये जिनछ्याओ, ल्यानयांग आणि कूपेई हे कुटुंबांचे नेहमीचे भाग. १२० चौरस मीटरचं तीन खोल्यांचं घर साधारण १४ ते २२ हजार. चौरस मीटर कागदावरचा असतो, त्यात जिना-लिफ्टचा वाटा धरलेला असतो. प्रत्यक्ष कार्पेट त्याच्या साधारण पाऊणपट. गेल्या काही वर्षांत भाडी उतरली आहेत, तेव्हा सांगितलेल्या आकड्यावर घासाघीस करा. दोन वर्षांचा करार म्हटलं की मालक ऐकतो.

पहिल्या दिवशीचे पैसे: रूढ पद्धत एका महिन्याची अनामत आणि तीन महिन्यांचं भाडं आगाऊ. १८,००० च्या घराला ५४,००० अधिक १८,०००. दलाली शांघायला बहुधा एका भाड्याच्या ३५ टक्के, म्हणजे ६,३००. एकूण ७८,३००. दर महिन्याला भाडं देण्याची सोय हवी तर मालक दोन महिन्यांची अनामत मागतो. यात शाळेची आगाऊ फी मिळवा आणि पहिला पगार महिनाअखेरीस येतो हे आठवा. कंपनीकडून उचल किंवा कंपनीच्या नावाने घर, यातलं एक आधीच ठरवून घ्या.

करारात हवंच असं कलम: बदली झाली किंवा नोकरी संपली तर एक-दोन महिन्यांच्या नोटिशीवर अनामतीसह बाहेर पडता येईल. परदेशी भाडेकरूंच्या करारात हे घालतात, पण मागावं लागतं. नसेल तर मध्येच सोडल्यावर अनामत जाते.

वीज: शांघायला घरगुती दर पहिल्या टप्प्यात दिवसा ०.६१७ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ०.३०७ युआन युनिट. पहिला टप्पा वर्षाला ३,१२० युनिटचा, तो ओलांडला की दर चढतो. हिवाळा हे खरं दुखणं. यांगत्सेच्या काठच्या शहरांत सरकारी केंद्रीय तापन नसतं, ते उत्तरेला. त्यामुळे जानेवारीत घर एसीवर किंवा गॅसच्या तापत्या फरशीवर गरम करायचं. फरशीची सोय असलेल्या घरात थंडीचं गॅस बिल हजार-दोन हजारांवर जातं. बीजिंगला १५ नोव्हेंबर ते १५ मार्च केंद्रीय तापन असतं, हंगामाचा आकार चौरस मीटरला साधारण २४ ते ३० युआन. तो मालकाने भरायचा की भाडेकरूने, हे करारात लिहा.

कागदोपत्री

पैशांचं चाललंय, पण कागद अडले तर पगारच सुरू होत नाही.

चीन ७ नोव्हेंबर २०२३ पासून अपोस्टिल करारात (एका शिक्क्यावर कागद दुसऱ्या सदस्य देशात चालवणारा करार) आहे, पण भारत आणि चीन यांच्यात तो लागू नाही. एजंट अपोस्टिल करून देतो म्हणाला तर पैसे वाया. आपला मार्ग जुनाच: राज्य सरकारचं प्रमाणीकरण, मग परराष्ट्र मंत्रालय, मग चिनी दूतावास किंवा वकिलात. पदवी, पोलिस क्लिअरन्स, विवाह प्रमाणपत्र आणि मुलांचे जन्मदाखले, सगळ्यांना हेच. दोन महिने हाताशी ठेवा.

अडतं कुठे? नावांवर. पदवीवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. दाखल्यावर 'सुरेशराव', पासपोर्टवर 'सुरेश'. मुलाच्या जन्मदाखल्यात नावाची जागाच कोरी, कारण बारशाआधी नोंद झाली. चिनी कारकून अक्षर न् अक्षर जुळवतो, आपलं प्रतिज्ञापत्र त्याला पटेलच असं नाही. दाखला दुरुस्त करून नवा काढणं हाच पक्का उपाय, आणि तो प्रमाणीकरणाच्या आधी. जुना, फक्त मराठीतला विवाह दाखला असेल तर इंग्रजी मजकूर असलेला नवा घ्या.

पोचल्यावर: २४ तासांत पोलिसांकडे राहत्या पत्त्याची नोंद. हॉटेलात ते लोक करतात, घरात गेलात की तुम्ही करायची. चुकलं तर ताकीद किंवा २,००० युआनपर्यंत दंड. घर बदललं किंवा निवास परवाना नवा झाला की पुन्हा. प्रवेशापासून ३० दिवसांत निवास परवान्याचा अर्ज. तो होईतो पासपोर्ट त्यांच्याकडे राहतो, कामाचे १५ दिवसांपर्यंत लागू शकतात. त्या काळात भारतात यायचं तिकीट काढू नका.

आणि बँकेत खातं उघडताना मधलं वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव पासपोर्टवर आहे त्याच क्रमाने, त्याच मोकळ्या जागांसह लिहायला सांगा. बँकेत एक आणि फोन कंपनीत दुसरं नाव पडलं की अलीपे, वीचॅट पे ही फोनवरून पैसे द्यायची ॲप जोडताना पडताळणी फसते. आणि तिथे भाजीवालीसुद्धा क्यूआर कोडच पुढे करते.

कोथिंबीर_जुडी

किराणा. मंडईत भावाच्या पाट्या किलोच्या नसतात, 'जिन'च्या असतात. एक जिन म्हणजे ५०० ग्रॅम. त्यामुळे पहिले आठ दिवस सगळं स्वस्त वाटतं. दुप्पट करून मग रुपयांत बघा.

मंडईत कोथिंबीर, आलं, भेंडी, कारलं, दुधी, वांगी, पालक सगळं मिळतं आणि सुपरमार्केटपेक्षा ताजं. मूग, चवळी, राजमा, शेंगदाणे, तीळ स्थानिक दुकानात. तूरडाळ, चणाडाळ, कणीक, पोहे, साबुदाणा, गोडा मसाला हे ताओबाओ या ऑनलाइन बाजारातल्या भारतीय किराणाच्या दुकानांतून, आणि तिथे भाव इथल्या तिप्पटही असतो. कणकेच्या जागी स्थानिक गव्हाचं पीठ घेतलं तर बहुतेकदा तो मैदाच निघतो. पाकिटावर चोकरासकट असल्याचं चिनी लेबल भाषांतर ॲपने वाचून घ्या. कुकरच्या जादा रिंगा आणि शिट्ट्या इथूनच न्या.

घरकामाच्या बाईला तिथे 'आयी' म्हणतात. (मुलं घरी 'आई' आणि 'आयी' दोघींना एकदम हाका मारतात, सवय ठेवा.) दर तासाला ४० ते ६० युआन. रोज तीन तास, महिन्यात २२ दिवस, ४५ ने २,९७०. चिनी नववर्षाला तीन-चार आठवडे गावी जाते, आणि त्या सणाला लाल पाकिटात वरचे पैसे देण्याची रीत आहे. ते वार्षिक हिशेबात धरा.

रानजाई

दवाखान्याचं कोणी सांगेल का? आणि गाडी घ्यावी का?

कागदोपत्री

सरकारी रुग्णालयात साध्या ओपीडीचं नोंदणी शुल्क २५-५० युआनच्या आसपास, पण प्रत्येक तपासणीआधी पैसे भरा, रांग लावा, आणि भाषा चिनी. त्याच रुग्णालयांच्या आंतरराष्ट्रीय विभागात काही शे युआन. खासगी आंतरराष्ट्रीय दवाखान्यात नुसता डॉक्टरला दाखवायचाच आकार हजार-दीड हजार. म्हणून कंपनीचा विमा कुटुंबासह आहे का, बिल थेट विमा कंपनीला जातं का, आणि बाळंतपणाचा खर्च विमा घेतल्यावर किती महिन्यांनी मिळू लागतो, हे तिन्ही विचारा. सक्तीच्या सामाजिक विम्यातला वैद्यकीय भाग कर्मचाऱ्यापुरता असतो, बायको-मुलं त्यात आपोआप येत नाहीत.

गाडी: आंतरराष्ट्रीय परवाना चीनमध्ये चालत नाही. भारतीय परवान्याचं अधिकृत भाषांतर देऊन लेखी परीक्षा द्यावी लागते, १०० पैकी ९० ला पास, इंग्रजीतही देता येते. पण शांघायला पेट्रोल गाडीची स्थानिक नंबरप्लेट लिलावात साधारण ९० हजार युआनला जाते. मेट्रोचं तिकीट ३ युआनपासून. सोडून द्या.

सुताचा_व्यापारी

सगळे शांघायचंच बोलताहेत. कापडाच्या धंद्यातले बरेच भारतीय शाओशिंगजवळच्या खछ्याओला, आणि किरकोळ मालवाले यीवूला असतात. तिथे तीन खोल्यांचं घर ३ ते ६ हजारात. किराणा, जेवण, भारतीय खानावळी सगळं स्वस्त. अडचण शाळेची. मोठ्या आंतरराष्ट्रीय शाळेसाठी हांगचौकडे बघावं लागतं.

अशा ठिकाणी पावत्यांच्या भत्त्यांपेक्षा दुसरा पर्याय फायद्याचा ठरू शकतो. स्थानिकांना मिळणाऱ्या विशेष वजावटी परदेशी करनिवासीही घेऊ शकतात: मुलाच्या शिक्षणाला महिना २,०००, भाड्याला शहराप्रमाणे १,५००, १,१०० किंवा ८००. दोन मुलांची आणि भाड्याची १,१०० अशी वजावट म्हणजे महिना ५,१००, वर्षाला ६१,२००, फापियाओशिवाय. दोन्हीकडून थोडं थोडं घेता येत नाही. एक निवडा, त्या वर्षात बदलता येत नाही. भाडं ४,००० आणि शाळेचं बिल नसेल तर पावत्यांनी ४८,०००च मिळतात. म्हणजे इथे वजावट बरी.

मधला मार्ग सूचौ. तिथल्या औद्योगिक उद्यानात भाडं ६ ते १२ हजार, शाळा आहेत, आणि शांघायला वेगवान रेल्वेने अर्धा तास. जून २०२३ पासून दोन्ही शहरांच्या मेट्रोही जोडल्या आहेत, पण ती टुकूटुकू जाते.

चौकस_मी

भारतातली कंपनी पाठवत असेल आणि अर्धा पगार इथेच जमा होत असेल तर त्या अर्ध्यावर चीनचा कर लागत नाही, बरोबर?

हिशेबी_कारकून

@चौकस_मी, चूक, आणि महागात पडणारी चूक. काम चीनमध्ये केलं तर पगार कुठल्या खात्यात पडला याला महत्त्व नाही, तो चीनमध्ये करपात्र. पुण्याच्या खात्यातला अर्धा लपवला तर निवास परवाना किंवा नोकरी बदलताना करतपशील मागतात तेव्हा उघडा पडतो. विलंबशुल्क वेगळं.

भविष्यनिर्वाह निधी: भारत-चीन सामाजिक सुरक्षा करार नाही. इथलं पीएफ चालू ठेवलं तरी तिथला वाटा कापतातच. कायमचं परतताना पेन्शनच्या वैयक्तिक खात्यातला तुमचा ८ टक्के वाटा अर्ज करून एकरकमी काढता येतो. कंपनीचा वाटा मिळत नाही. तो अर्ज निवास परवाना आणि चिनी बँक खातं जिवंत असताना करा. खातं बंद करून विमानात बसलेल्यांचे पैसे अडकतात.

भारताच्या बाजूने: नोकरीसाठी जाणारा नागरिक त्या आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवसांपेक्षा कमी राहिला तर अनिवासी. म्हणजे २८ सप्टेंबरपर्यंत निघालात आणि त्या वर्षात परत फिरकला नाहीत तर त्या वर्षाचा चिनी पगार भारतात करपात्र नाही. नोव्हेंबरात निघालात तर आहे, आणि मग दुहेरी करआकारणी करारानुसार तिथे भरलेल्याची सूट मागावी लागते. तिथलं करवर्ष जानेवारी-डिसेंबर, आपलं एप्रिल-मार्च, त्यामुळे वार्षिक दाखल्याने भागत नाही. तिथल्या करखात्याच्या ॲपमधून महिनावार नोंद उतरवून ठेवा.

पैसे पाठवायला बँक पासपोर्ट, वर्क परमिट, करार आणि कर भरल्याचा दाखला मागते. जेवढ्यावर कर भरलाय तेवढ्याचाच करोत्तर पगार पाठवता येतो. कागदांशिवाय दिवसाला ५०० डॉलर एवढीच मर्यादा. दर महिन्याला थोडे पाठवण्यापेक्षा तीन-चार महिन्यांचे एकदम पाठवा, शुल्क वाचतं आणि खेपाही. घ्यायला भारतात एनआरई खातं (अनिवासीचं, परदेशी कमाईसाठीचं). साधं बचत खातं एनआरओ (अनिवासीचं, भारतातल्या मिळकतीसाठीचं) करून घ्या.

कोथिंबीर_जुडी

विमानांचं कुणी लिहिलं नाही. २०२० पासून बंद असलेली थेट विमानं ऑक्टोबर २०२५ मध्ये कोलकाता-क्वांगचौपासून पुन्हा सुरू झाली. तरी मुंबई-पुण्याच्या माणसाला बहुतेकदा बँकॉक, सिंगापूर किंवा हाँगकाँग करूनच यावं लागतं. चौघांचं वर्षाचं तिकीट लाख-दीड लाख रुपये धरा, उन्हाळी सुट्टीत जास्त. कंपनीकडून कोणाकोणाचं मिळणार हे पत्रात असू द्या.

रानजाई

शेवटचा प्रश्न. घरचं तूप सामानात नेता येतं का? दोन किलो.

कोथिंबीर_जुडी

@रानजाई, नाही. दूध, लोणी, चीज असे दुग्धजन्य पदार्थ, मांस, अंडी, ताजी फळं-भाज्या आणि बियाणं प्रवाशाच्या सामानातून आणायला मनाई आहे. विमानतळावर सगळ्या बॅगा यंत्रातून जातात, डबा दिसला की काढून घेतात. मिरच्यांचं बी किंवा मेथीचे दाणे पेरायला नेऊ नका, तेही त्यातच.

तिथे सुपरमार्केटमध्ये आयात केलेलं बिनमिठाचं लोणी ४५४ ग्रॅमच्या वडीत मिळतं. मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं कढवलं की साधारण साडेतीनशे ग्रॅम तूप निघतं. मिठाचं लोणी घेऊ नका, तळाशी जळतं आणि बेरीही खारट होते.